कडूकांद्याची फाईल

मी एक फाईल. कपाटातली, नाडीनं बांधलेली, कोपरे दुमडलेली ती नव्हे, लॅपटॉपमधली. मला हात लावता येत नाही, मला कागदाचा वासही नाही. वाट पाहणं मात्र मला येतं, आणि त्या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

धानोऱ्यापासून बरंच आत, जंगलाला लागून एक गाव आहे. तिथल्या समाजमंदिरात बसून रंजीता एक पुस्तक तयार करत होती. रानातलं काय खायचं आणि ते कसं शिजवायचं, याचं पुस्तक. सांगणारी म्हातारी बुधरीबाई, लिहिणारी रंजीता. ती साधा मजकूर टाइप करायची आणि एक बटन दाबायची. मग पानं लावणारं सॉफ्टवेअर ओळी नीट बसवून छापखान्यात द्यायला तयार फाईल बनवायचं. ती तयार फाईल म्हणजे मी. काही बदल करून पुन्हा बटन दाबलं, की मी पुसली जाते आणि माझ्या जागी माझ्याच नावाची नवी येते. आयुष्य असं एका बटनाचं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जन्माला येऊन कोणी तोंडसुद्धा पाहू नये, याला काय म्हणावं?

बुधरीबाईला वाचता येत नाही. म्हणून रंजीता पडद्यावरून मोठ्यानं वाचायची आणि बाई मोहफुलं निवडत ऐकायची. काही चुकलं की बाईचे हात थांबायचे. कडूकांदा नावाच्या रानातल्या कंदावरचं पान आलं, तेव्हा ते थांबले.

"उकळला, अन् झालं?" बाई म्हणाली. "पाण्यात ठेवाचं कुठी गेलं? चकत्या कराच्या, राख टाकून उकळाच्या, टोपल्यात भरून रातभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवाच्या. तसाच खाल्ला तं माणूस लोळते."

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिची नात दीपिका तिकडे चंद्रपूरजवळ, ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहते. मागच्या वर्षी आजीच्या हातची आठवण झाली म्हणून तिनं कडूकांदा उकळला, पाण्यात ठेवायचं राहून गेलं, आणि घरातली तिघंही दोन दिवस दवाखान्यात पडली. तेव्हापासून बुधरीबाईच्या जिवाला चैन नव्हतं. नात येत नाही, आपले गुडघे प्रवासाला तयार नाहीत. निदान आपलं सांगणं तरी तिच्या चुलीपाशी पोचावं, आणि पुरतं पोचावं, एवढीच तिची आस होती.

रंजीतानं तिथल्या तिथं ते वाक्य घातलं, बटन दाबलं आणि मी जन्मले. राख, टोपली, नाला, सगळ्यासकट! मी नटूनथटून बसले. आता उघडेल, आता वाचेल. तिनं उघडली ती डेस्कटॉपवरची माझी थोरली बहीण. नाव तेच, मुखपृष्ठ तेच, फक्त ते वाक्य नाही. आणि मी बसले होते भलत्याच कप्प्यात, जिथं कोणी डोकावत नव्हतं.

रंजीतानं पुन्हा बटन दाबलं. पुन्हा थोरलीच उघडली. दोन दिवसांत मी सात वेळा जन्मले आणि सातही वेळा वाट पाहतच पुसली गेले. मला बाईचा आवाज ऐकू यायचा. तिच्या कानावर एकदा तरी पडावं, याखेरीज मला दुसरं काही नको होतं.

तिसऱ्या दिवशी बाईनं मोहफुलांची टोपली बाजूला सारली.

"तू मनते लिहिलं, अन् वाचते तं नाई. मले वाचता येत नाई मनून का?"

"शप्पथ, बाई, लिहिलं हाय."

"उद्या गाडी चंद्रपूरले चालली ना छापाले? माहे कांदे काढ त्याच्यातून. माही नात मरता मरता वाचली. आणखी कोणाची नात नाई पाडाची मले."

रंजीताच्या डोळ्यांत पाणी आलं. 'अगं, मी इथं आहे!' असं ओरडावंसं मला वाटलं. पण फाईलला कुठला आवाज? शेवटी तिनं आपल्या चुलतभावाला फोन लावला. प्रणित ऊर्जानगरला नोकरीला. लॅपटॉप त्यानंच लावून दिलेला.

"भाऊ, किती बी बदल कर, दिसतच नाई."

"तू उघडते त्या फाईलीची तारीख पाह्य बरं."

तारीख नऊ दिवसांपूर्वीची निघाली.

"मंग ते जुनी हाय. काढून टाक अन् नवीन बनव."

थोरली गेली. बटन दाबलं. डेस्कटॉप रिकामाच.

"भाऊ, आता तं काईच नाई राह्यलं!"

"घाबरू नको. सॉफ्टवेअर काम झालं मनते ना? मंग कुठी तरी ठेवतच असन. खाली जे लिहून येते, त्याची शेवटची ओळ वाच."

तिनं वाचली. त्यात माझा पत्ता होता. तो ऐकताच प्रणितला आठवलं.

"अरे बापा! मागच्या खेपेले आलो तवा, डेस्कटॉपवर पसारा नको मनून मीच नव्या फाईलींसाठी तो वेगळा कप्पा बनवला होता. तेवढ्यात बस आली, तुले सांगाचं राहूनच गेलं."

रंजीतानं कप्पा उघडला आणि मला पाहिलं. मग माझं पान मोठ्यानं वाचलं: चकत्या, राख, टोपली, रात्रभर वाहतं पाणी. बुधरीबाईनं डोळे मिटून ऐकलं.

"आणखी एक बार वाच."

रंजीतानं वाचलं. बाईनं डोळे उघडले. मग म्हणाली, "पर माह्या नातीकडं नाला कुठी हाय? लिही: नाला नसन, तं कडूकांदा करू नोको. आजीकडं ये."

"बाई, पुस्तक सगळ्याइसाठी हाय. असं कसं लिहू?"

"लिही. सगळ्याइलेच असते कोणी ना कोणी वाट पाहणारं."

रंजीतानं लिहिलं. आता तिचं बोट बटनावर आहे. ते नवं वाक्य माझ्यात नाही, तेव्हा मला जायलाच हवं. मी दोनदा वाचली गेले, बाईनं मला ऐकलं. माझं भरून पावलं. छापून येईल ती माझ्या मागून येणारी. दीपिका, ती तुझ्या हाती पडली, तर कडूकांद्याच्या पानावरची शेवटची ओळ आधी वाच. आणि मग कांदा राहू दे, धानोऱ्याची बस कधी सुटते ते विचार.