योलानाचं कलम

फेदिरने स्वतः काढलेल्या पर्सिमनच्या जातीला बायकोचं नाव दिलं, तेव्हा योलाना आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. "कच्चं खाल्लं की जीभ आखडते, त्या फळाला माझं नाव?" असं तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं होतं.

"पिकल्यावर मधासारखं लागतं ना पण!"

"आणि पिकणार कधी?"

"वाट बघतोय की मी. लग्न झाल्यापासून."

बाई हसली नाही, पण त्या रात्री त्याला जेवायला मात्र वाढलं.

पर्सिमन हे टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, खरं तर उबदार मुलखाचं. आमच्या तिसा नदीच्या खोऱ्यात थंडी अशी पडते की विहिरीचा दोरसुद्धा लाकडासारखा ताठ होतो. म्हणून इथले हौशी लोक अमेरिकेतल्या रानटी पर्सिमनचा खुंट लावतात. तो बर्फाला भीक घालत नाही. त्यावर मग चांगल्या संकरित जातीचं कलम बांधायचं. फेदिरने तर फुलांवर ब्रश फिरवून स्वतःचीच जात जन्माला घातली होती. कलमाला काडी मागायला लोक दाराशी यायचे, आणि हा म्हणायचा, "अजून एक हिवाळा बघू दे." दरवर्षी एक हिवाळा! कंजूष मेला. परसात एकच झाड, आणि त्याच्यावर सापासारखा बसलेला.

मग तो हिवाळा आला. झाड वरून पार करपलं आणि त्याच महिन्यात फेदिरचं हृदयही दगा देऊन बसलं. वसंतात तो नुसता खाटेवर पडून. कलमाच्या गाठीवर हिवाळ्यात मातीचा ढीग लावतात, तो योलानाने एकटीनेच उपसला. गाठीच्या वर नखाने साल खरवडून पाहिली. हिरवं काही नाही, सगळं काळंठिक्कर. गाठीच्या खाली मात्र एक लालसर, टवटवीत फुटवा. म्हणजे कलम मेलं होतं, रानटी खुंट तेवढा फुटला होता.

खिडकीतून फेदिरने बारीक आवाजात विचारलं, "जिवंत आहे?"

"जिवंत आहे," ती म्हणाली आणि तिने माती परत गाठीवर ओढली.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

त्या फुटव्याने माणूस उठवला, हे मात्र मान्य करायला हवं. आधी खिडकीपर्यंत, मग ओट्यापर्यंत, मग काठी टेकत थेट झाडापर्यंत. फेदिर त्याला शेणखत घाली, काठीला बांधी, थंडी पडली की गोणपाटात गुंडाळी. "पानं जरा निमुळती आलीत, नाही?" असं एकदा म्हणालासुद्धा, पण पुढे स्वतःच म्हणाला, "लहान आहे अजून, भरतील." दुसऱ्याच्या कुंपणावरून पान बघून जात सांगणारा हा माणूस! पण स्वतःचं लेकरू कुणाला कधी वेडंवाकडं दिसलंय?

आणि चार-पाच वर्षांनी, या शरद ऋतूत, त्या झाडाला फळं धरली. पानं गळाली, उघड्या फांद्यांवर फळं लटकली. केशरी खरी, पण आलुबुखाराएवढी. "पहिला बहर बारीकच असतो," फेदिर म्हणाला. मऊ झालेली फळं त्याने निळ्या काठाच्या ताटलीत मांडली आणि कार्डावर झोकात नाव लिहिलं, 'योलाना'.

रविवारी गावच्या सभागृहात चाखण्याचा कार्यक्रम होता. प्रत्येकाने आपली ताटली मांडायची, बाकीच्यांनी फळं कापायची, चाखायची आणि कडाकडा भांडायचं. फेदिरच्या फळावर सुरी फिरली की मूठभर बिया बाहेर पडणार आणि शेंबडं पोरही सांगणार, हे खुंटाचं फळ आहे. लोक हसतील याचं योलानाला काही वाटत नव्हतं. त्या हसण्याने त्याच्या हृदयाने पुन्हा दगा दिला तर, ही तिला भीती होती.

शुक्रवारी तिने डोक्याला रुमाल बांधला आणि डोंगरउतारावर हाव्रिलोकडे निघाली. फेदिर-योलानाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हाव्रिलोने धर्मपिता म्हणून हातावर घेतलं होतं, तेव्हापासून तो यांचा कूम आणि योलाना त्याची कूमा. नातं भावाहून जवळचं. फेदिरने जन्मात एकच कलमकाडी कुणाला दिली असेल तर ती यालाच, तीही आलुबुखाराची दारू चढल्यावर. त्या वाईट हिवाळ्यानंतर फेदिरने विचारलं, तर हाव्रिलो म्हणाला, "मेलं ते. लागलंच नाही." फेदिरला वाटलं, याने जळफळाटाने मुद्दाम मरू दिलं. तेव्हापासून येणंजाणं बंद.

"ये कूमा, कॉफी टाकतो. थंडी काय पडलीय यंदा..."

"मी कॉफी प्यायला आले नाही. थंडी खालीही पडते. त्या काडीचं खरं काय झालं ते सांग."

हाव्रिलोने टोपी काढली, परत घातली. "मेलं नाही गं. हरवलं."

तो तिला मागच्या परसात घेऊन गेला. थंड हवा रात्री नदीकडे उतरते, त्यामुळे उतारावरची झाडं त्या हिवाळ्यात वाचली होती. तीन झाडं ओळीत उभी, फळांनी लगडलेली. प्रत्येकाला प्लास्टिकची पट्टी अडकवलेली, आणि तिन्ही पट्ट्या पांढऱ्याफेक. उन्हाने शाई खाऊन टाकली होती.

"यातलं एक तुमचं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कोणतं ते ठाऊक नाही. फळबागवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष मी, गावाची झाडं ओळखून देतो, आणि माझ्याच परसात ही गत. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"ज्या तोंडाने मेलं म्हणालास, त्याच."

पहिल्या झाडाची फळं टोकदार होती. दुसऱ्याची काळपट लाल. तिसऱ्यापाशी योलाना थांबली. फळं चपटी, आणि कमरेला दोरा आवळून बांधल्यासारखी वळी. फोडी करून वाळवण्यासाठी ही फळं ती वर्षानुवर्षं सोलत आली होती. दरवर्षी सुरी नेमकी तिथे अडायची आणि दरवर्षी ती फेदिरला शिव्या घालायची. तिने एक फळ तोडून कापलं. एकही बी नाही. फोड तोंडात टाकली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडतेस कशाला कूमा?"

"कच्चं आहे. जीभ आखडली," ती म्हणाली आणि आणखीच रडली.

हाव्रिलोने टोपली भरून दिली. दारापर्यंत येऊन हळूच म्हणाला, "ताटलीतली फळं गुपचूप बदलून टाक ना. कळायचंही नाही त्याला."

वाटभर तिच्या मनात तेच घोळत होतं. सोपं होतं. पण उद्या हाच माणूस हौसेने त्या रानटी झाडाच्या काड्या कापून खोऱ्याभर वाटणार, तेही तिच्या नावाने. आणि एकदा माती ओढून झाकलं तेवढं पुरे झालं होतं. घरी पोचल्यावर तिने टोपली सरळ त्याच्या ताटलीशेजारी ठेवली.

फेदिरने बघितलं. मग एक ताटलीतलं फळ कापलं, एक टोपलीतलं. ताटलीतल्यातून बिया टेबलावर घरंगळल्या.

"हाव्रिलोकडचं?"

"हो."

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"त्याच वसंतापासून. तू खिडकीतून विचारलंस तेव्हापासून."

"आणि तरी माझ्याबरोबर शेण ओढत होतीस? गोणपाट शिवत होतीस?"

"तू उठत होतास, फेदिर. रोज सकाळी त्या फुटव्यासाठी उठत होतास. मला झाड नको होतं, तू हवा होतास."

तो उठला आणि दार आपटून बाहेर गेला. योलाना औषधाची डबी मुठीत धरून खिडकीशी उभी राहिली. तो झाडाजवळ गेला, काठी टाकून दिली, दोन्ही हातांनी खोड धरलं. असा उभा राहिला की तिला वाटलं, आता हा पडणार. ती धावत ओट्यावर आली.

"योलाना!" तो ओरडला. "इकडे ये. हे खोड धर. धर म्हणतो ना! असा खुंट मी उभ्या आयुष्यात तयार केला नव्हता. मनगटाएवढा झालाय, आणि मूळ तर पार खाली गेलं असणार. यावर तुझं कलम असं बसेल, असं बसेल..."

"रागावलास ना?"

"रागावलोय. महिनाभर रागावणार आहे. पण रविवारी ताटलीत त्या टोपलीतलीच मांडू. हाव्रिलोला सांग, छाटणीला हात लावू नको, काड्या मीच येऊन कापणार. मे महिन्यात बांधू. मग धर, फळ यायला तीन-चार वर्षं. आणि या वेळी काड्या सगळ्यांना देणार, मागेल त्याला."

तीन-चार वर्षं. ज्या माणसाने इतके दिवस पुढच्या नाताळाचंसुद्धा नाव काढलं नव्हतं, तो हे म्हणत होता. योलानाने डबी उघडून गोळी पुढे केली. एरवी गोळीवरून रोज वाद घालणाऱ्या फेदिरने ती मुकाट्याने गिळली आणि पाणी मागितलं.