हसण्यापुढचं गाणं

मी पावस गावच्या तुळसाबाईच्या माजघरातला फोनो. कर्ण्याला पोचा आहे, चावी अर्ध्यात अडते, पण आवाज आहे अजून. तुम्हाला घाई नसेल तर बसा जरा. मला सावकाशच बोलता येतं. घाईने बोललो की गाणं चिरकतं.

जन्म माझा विलायतेतला. लाकडी पोट, पत्र्याचा कर्णा, पोटात पोलादी कमान. कारखान्यातून निघालो तो थेट एका आगबोटीच्या दिवाणखान्यात. दिवस कलला की साहेब-मडमा यायच्या, तबकड्या लावायच्या आणि जोडीजोडीने नाचायच्या. त्या गाण्यांना जाझ म्हणायचे. वाकड्या गळ्याची पितळी वाद्यं, पियानो, मागे हलका ढोल. ठेका असा की बसलेल्याचाही पाय हलावा. मी पुष्कळ पाय पाहिले तिथे. एकमेकांच्या डोळ्यांत बघणारी माणसं पाय चुकवतात. पायाकडे बघणारी चुकत नाहीत, पण त्यांचा नाच बघवत नाही.

त्या दिवाणखान्याची फरशी पुसायला दादू होता. पावसचा. पुसता पुसता त्याचाही पाय हलायचा. एकदा वादळात मी टेबलावरून पडलो, कर्ण्याला पोचा आला. साहेब म्हणाला, टाका समुद्रात. दादूने मला मागून घेतलं, जुन्या तबकड्यांसकट.

पंचवीस-सव्वीस साल असेल. रत्नागिरीच्या बंदरात आगबोट काठाला लागत नाही. लांब उभी राहते, माणसं पडावात उतरतात. दादूने मला छातीशी धरलं आणि तबकड्यांचं गाठोडं कुणा दुसऱ्याच्या हाती दिलं. ते पडावात आपटलं. घरी येऊन सोडलं तर सगळ्यांचे तुकडे. एक तेवढी शाबूत.

घरात दोघीच. आई तुळसाबाई, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि बायको मथुरा. दादूने चावी दिली, सुई टेकवली. गाणं सुरू झालं तशी तुळसाबाई म्हणाली, "कोण रडतंय रे हे?"

"रडत नाय आये, वाजवतायत. नाचाचं हाय."

"नाचाचं? मग ठसकलं का मेलं मधेच?"

ठसकलं नव्हतं. त्या गाण्यात मध्यावर सगळी वाद्यं थांबतात. पियानो एकटाच चार बोटं फिरवतो आणि बाजूला उभा असलेला कुणीतरी माणूस मोकळं हसतो. का हसतो ते मलाही माहीत नाही. तुळसाबाईने मान वर केली.

"हा कोण हसला?"

दादूला थट्टेची सवय. म्हणाला, "मीच तो. बोटीवर घेतला माझा आवाज. मी नसलो की लाव, मी हसेन."

त्या हसण्यानंतर गाणं संथ होतं. तेवढ्या तुकड्यावर दादूने मथुरेला परसात एक पाऊल शिकवलं. मागच्या दारातून मला दिसत होतं. ती म्हणत होती, "सोडा हो, कोण बघेल," पण हात सोडवून घेत नव्हती. जोडव्यांचा आवाज ठेक्यावर यायला लागला तेवढ्यात तबकडी संपली.

दादू पुन्हा बोटीवर गेला. काही महिने इकडून तिकडून खबर यायची, कुणी खलाशी सांगायचा, अमक्या बंदरात दिसला. मग तीही थांबली.

तुळसाबाईने तेव्हापासून नेम धरला. दिवा लागला, हात जोडून झाले, की म्हणायची, "मथुरे, तवा लाव गो." तबकडीला ती तवाच म्हणायची. मथुरा सुई नेमकी मध्यावर टेकवायची. पियानोची चार बोटं, ते हसणं. "हसला. पुरे. काढ आता, सुया संपतील." मथुरा हात उचलायची. पुढचं गाणं, तिचं गाणं, काळ्या रेघांत तसंच राहायचं. तबकडी पुसताना मात्र त्या पुढच्या भागावरून तिचा पदर जरा हळू फिरायचा.

सुया संपल्याच. मग मथुरेने करवंदीचे काटे आणले, चुलीवर धरून कडक केले, पाट्यावर घासून टोक काढलं. करवंदीच्या काट्याने आवाज बारीक येतो, पण मऊ येतो. गाणारा बाजूच्या खोलीत गेल्यासारखा.

मला एक गोष्ट दिसत होती आणि सांगता येत नव्हती. रोज तेवढ्याच जागी घासून तबकडीवर पांढुरकं कडं उमटलं होतं. हसणं विरत चाललं होतं. आधी त्यातला दम गेला, मग आवाज गेला. शेवटी नुसती सळसळ उरली, रेतीवरून पाणी मागे जाताना होते तशी. मथुरेला कळलं. तुळसाबाई मात्र रोज म्हणायची, "हसला. पुरे." मथुरा काटा उचलायची. म्हातारीला कानाने कमी ऐकू येतं, मनानेच ऐकते, असं तिने धरलं असावं.

अडतीस सालच्या गणपतीला दादूचा धाकटा भाऊ आत्माराम मुंबईहून आला. गिरणीतला माणूस, स्वभावाने गरीब. गौरी गेल्या, गणपती गेले, तसा तो आईसमोर उकिडवा बसला.

"आये, बारा वर्षं झाली. शास्त्र हाय. दर्भाचा दादू करू, अग्नी देऊ, यंदा पितरांच्या म्हाळाला त्याचं पान वाढू. माझ्या मालनचं लग्न जमतंय. सोयरे विचारतात, थोरल्याचा दिवस घातलात की नाय."

मथुरा उंबऱ्यात सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला. दर्भाच्या माणसाला अग्नी दिला की पुढे काय होतं ते सगळ्या गावाला माहीत असतं. बांगड्या फोडायच्या, कपाळ पुसायचं.

तुळसाबाई म्हणाली, "हसतोय त्याचा दिवस घालतोस?"

"कोण हसतोय?"

"दादू. रोज हसतो. मथुरे, लाव तवा. धाकट्याला ऐकव."

मथुरा उठली. चावी देताना ती तिच्या बोटांतून निसटली, माझी कमान उलटी सरकली. तिने काटा त्या पांढऱ्या कड्याच्या अलीकडे टेकवला. पियानोची चार बोटं अर्धीमुर्धी वाजली आणि मग सळसळ. नुसती सळसळ. मी जन्मात पुष्कळ वाजलो, पण तेवढा जोर कधी लावला नसेल. नव्हतंच काही तिथे.

"ऐकलास?" तुळसाबाई म्हणाली. "हसला."

आत्माराम कर्ण्याकडे बघत राहिला. मग त्याने आईच्या पांढऱ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग वहिनीच्या कपाळाकडे. मथुरा खाली बघत होती.

"तुला ऐकू नाय आलं काय रे? गिरणीत कान गेले तुझे?"

"आलं, आये," तो म्हणाला. "हसला."

"मग सांग सोयऱ्यांना."

"सांगतो." तो उठला, टोपी झटकली आणि विहिरीकडे तोंड धुवायला गेला.

मथुरेने सवयीने हात पुढे केला, काटा उचलायला. तुळसाबाईने तिचं मनगट चाचपून धरलं.

"राहू दे. वाजू दे पुढचं."

"सासूबाई, ते हसणं..."

"गेलंय. ठाऊक हाय मला. आणि होतं तेव्हा पण ते दादूचं नव्हतं. दादू हसायच्या आधी नाक ओढायचा. हा मेला कधी ओढत नव्हता." तिने मथुरेच्या बांगड्या बोटांनी हलकेच मागे सारल्या. "पण घरात कुणी हसतंय म्हटल्यावर तुझ्या कपाळाला हात लावायला कोण येतंय?"

काटा कड्यातून बाहेर पडला आणि पुढचं गाणं लागलं. एवढ्या वर्षांत काटा तिथे पोचलाच नव्हता. दादू गेला त्या दिवशी होतं तसंच होतं ते, कोरं. मथुरा भिंतीला टेकून बसली. तिच्या पायातली जोडवी जमिनीवर हळूहळू ठेका धरत होती, म्हातारी मान हलवत होती.

"नाचाचंच हाय तर," म्हणाली. "मला वाटलं, रडतायत."

मालनचं लग्न वैशाखात झालं. सोयऱ्यांनी थोडी कुरकुर केली, जेवून गेले. आषाढात तुळसाबाई गेली. तेराव्याला भटजींनी विचारलं, "थोरल्याचंही आताच उरकायचं का?" आत्माराम म्हणाला, "नको. तो हसतो अजून." भटजींनी पुढचा मंत्र धरला.

आता एकोणचाळीस साल सरत आलंय. विलायतेत लढाई लागलीय म्हणतात, बोटी बुडतायत म्हणतात. मथुरेचे केस पिकले. दिवा लागला की ती चावी देते, जिथे अडते तिथे थांबते आणि काटा पहिल्यापासून टेकवते. सळसळ आली की दाराकडे बघते. मग पुढचं गाणं लागतं.

तुमचं बंदरावर जाणं-येणं असेल तर एवढं करा. हसायच्या आधी नाक ओढणारा कुणी खलाशी भेटला, तर त्याला सांगा, पावसला फोनोला चावी दिलेली आहे. गाण्यात त्याच्यापुरती जागा रिकामी आहे. येऊन हसून जा म्हणावं.