डाव्या हातांचा वर्ग

इन्स्पेक्टर येणार म्हटलं की कानडी मुलखातल्या, बनशंकरीच्या त्या खासगी शाळेत जी तालीम चालायची, तिच्यापुढे गणेशोत्सवातली नाटकं झक मारतील! मुख्याध्यापक आप्पाजी सरांचा नियमच होता. प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गाने हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाईंनी फक्त उजवे उठवायचे. इन्स्पेक्टर खूश, सर खूश. डाव्यांना वर्षभर कुणी विचारत नसे.

मालनबाई सातवीला गणित शिकवायच्या. सहा वर्षं हंगामी. पंचाण्णव सालची ही तपासणी नीट पार पडली की त्यांना कायम करतो, असं सरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. त्यांचे यजमान जयसिंगराव बसवर कंडक्टर. ते रोज डबा घेताना बजावायचे, "कागद हातात पडेपर्यंत स्वल्प गप्प बस की गं." आणि बाई बसल्याही असत्या हो! पण ऐन तालमीत त्या रम्याने घोळ घातला.

रम्या शेवटच्या बाकावरची, कायम डाव्या हाताची. तिने विचारलं, "मिस, अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करायचा?"

"नियम आहे. लिहून घे," मालनबाई म्हणाल्या.

पोरीने लिहून घेतलं. बाईंच्या मात्र जिवाला लागलं. का करायचा, ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? त्यांच्या बाईंनीही त्यांना असंच लिहून दिलं होतं. जळ्ळं मेलं असलं शिकणं न् शिकवणं!

रविवारी पाहुणे जेवायला होते. होळग्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, उरल्या तीनच. बाईंनी त्या अर्ध्या अर्ध्या करून सहा पानांत वाढल्या आणि हातात तुपाची वाटी घेऊन तिथेच थबकल्या. तिनाला अर्ध्याने भागलं की सहा! एका होळगीत अर्धे दोन, म्हणून दोनाने गुणायचं. अगं बाई, एवढंच? त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पाहुणे दचकले.

सोमवारी इन्स्पेक्टर मागे खुर्चीत बसले. आप्पाजी सर दाराशी.

"तीन भागिले अर्धा किती?" बाईंनी विचारलं.

चाळीस हात वर. पहिल्या नंबरच्या यशोवर्धनचा उजवा हात नुसता फडफडत होता. त्यालाच उठवायचं ठरलं होतं, नाव ओठांवरही आलं होतं. तेवढ्यात शेवटच्या बाकावर रम्याचा डावा हात दिसला. सांगितलं होतं तसा, अगदी शहाण्यासारखा वर. मालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग सरांचा नव्हे, स्वतःचाच.

"रम्या, तू सांग."

सर दाराशी खाकरले. रम्या उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "गोत्तिल्ला, मिस." माहीत नाही.

"छान! मग आज तूच शोधून काढणार. ये पुढे."

बाईंनी वहीची तीन पानं फाडून तिच्या हातात दिली. ह्या तीन होळग्या. प्रत्येकाला अर्धी वाढ. रम्याने पानं फाडली, वाटली, मोजली आणि ओरडलीच, "सहा! मिस, उलटं करून आपण वाटे मोजतो!"

"मग दोन तृतीयांशाने भागलं तर?" यशोवर्धन न विचारताच उठला. "तीन वर जातो ते कळलं. पण दोन खाली का?"

झालं! पोरांनी कागद फाडून वर्गभर तुकडे केले, भांडली, बाकांवर चढली. बाईंनी फळ्यावर दोनदा मांडलं, दोनदा पुसलं. "थांबा रे, मलाही नीट जमत नाहीये," त्या म्हणाल्या आणि घंटा झाली. एक पोर जागचं हललं नाही. इन्स्पेक्टर उठून निघून गेले.

आपल्या खोलीत बोलावून आप्पाजी सर कडाडले, "शाळेची अब्रू घालवलीत! येत नाही त्याला उठवतात?"

"येत नाही त्यालाच तर शिकवतात, सर. तुम्हीही गणिताचेच. अपूर्णांक उलटा का करतात?"

"नियम आहे तो!"

"मीही तेच सांगत होते. आता मेले तरी सांगणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

सहा वर्षं! जयसिंगरावांना काय सांगायचं? पण बाईंची मान खाली गेली नाही. "बरं," म्हणून त्या वर्गात राहिलेला डबा घ्यायला निघाल्या.

सर तरातरा चालत त्यांच्या आधीच तिथे पोचले होते, वर्ग ताळ्यावर आणायला. "चार भागिले दोन तृतीयांश! हात वर!"

चाळीस हात वर गेले. चाळीसही डावे. यशोवर्धनचासुद्धा.

"यशोवर्धन! तुलाही येत नाही?"

"उत्तर सहा, सर. पण का, ते गोत्तिल्ला. तुम्ही शिकवा ना."

सरांनी खडू उचलला. फळ्याकडे बघितलं. पुन्हा पोरांकडे बघितलं. हात काही खाली येईनात.

मालनबाईंनी डबा उचलला. मग दाराकडे न जाता त्या सरळ शेवटच्या बाकावर रम्याशेजारी जाऊन बसल्या आणि आपला डावा हात वर केला.