पुंजादादाच्या भातातला पाहुणा

मी तपकिरी तुडतुडा बोलतोय. तांदळाच्या कणीएवढा माझा जीव. पण घोटीजवळच्या पुंजादादाच्या भातात माझी बडदास्त जावयासारखी ठेवली गेली.

माझा जन्म भाताच्या बुडाशी, पाण्याच्या जरासा वर झाला. वर गर्द सावली, खाली ओल आणि समोर रसाळ देठ. सोंड खुपसायची आणि प्यायचं, एवढंच काम.

पुंजादादाला एकच ध्यास. शेजारच्या गोटीरामपेक्षा आपल्या भाताला जास्त काळोखी, म्हणजे गर्द हिरवा रंग, यायला हवी. म्हणून तो युरिया फेकायचा, सढळ हाताने.

गोटीराम बांधावरून विचारायचा, "पुंजा, भात खायला लावला का नुसता बघायला?"

"जळतो का रं?" म्हणत पुंजादादा आणखी एक मूठ फेकायचा. देठ आणखी कोवळे व्हायचे. आमच्याकडे बारशांवर बारशी व्हायची.

मग शेताच्या मधोमध खळ्याएवढा गोल भाजल्यासारखा वाळला. घरची वर्षभराची चूल याच भातावर. पुंजादादाने दुकानातून जहाल औषध आणलं आणि ताठ उभं राहून शेंड्यांवर फवारलं, लग्नात गुलाबपाणी शिंपडावं तसं. आम्ही खाली बुडाशी निवांत. मेले ते वर फिरणारे कोळी, जे आम्हाला खायचे. आमच्या वैऱ्यांचा काटा यजमानानेच काढला. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

वाळलेला गोल वाढतच गेला. पुंजादादाची बायको कमळाबाई म्हणाली, "अवो, एवढं मारलं तरी भात जळतोच हाय."

"औषध कमी पडलं असंल."

"औषध नाय, दुसरंच काहीतरी कमी पडतंय तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी ती खेकडे धरायला भातात उतरली. खेकड्याचं बीळ बुडाशी असतं, म्हणून वाकून तिने रोपं बाजूला केली. आम्ही भुरकन तिच्या हातावर उडालो.

"अवो, हिकडं या! वर काय फवारता? सगळी जत्रा खाली भरलीय!"

पुंजादादा आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भातात वाकला. पाहिलं, आणि फवारणीचा पंप बांधावर ठेवून आला. कमळाबाईने कुदळीने बांध फोडून पाणी काढून दिलं. मग दोघांनी रोपं दोन्हीकडे सारून मधून वाटा केल्या. ऊन थेट आमच्या घरात आलं. वाराही आला. दोन्ही आम्हाला सोसत नाहीत.

आता पायाखाली चिखल भेगाळलाय. गोटीरामच्या बांधावरून कोळ्यांची पोरं इकडे येताना दिसतायत. वाळलेला गोल तेवढाच राहिलाय, आणि बाकीचा भात निसवू लागलाय, लोंब्या बाहेर डोकावतायत.

पुंजादादा, जाता जाता एकच विनंती. जरा पलीकडे बघा हो, गोटीरामचा भात तुमच्यापेक्षा हिरवा दिसतोय!

बघितलं! बघितलं त्याने! बांधावरच्या युरियाच्या गोणीकडे वळलासुद्धा.

पण गोणीवर कमळाबाई बसलीय. खेकडे साफ करतेय, आणि उठायचं नाव घेत नाही.