चौदा नंबरचे डोहाळे

"काकू, बघा तरी! सात पिल्लांतली पाच तपकिरी!" तरुण संशोधक देवयानी पिंजऱ्यावर ओणवून म्हणाली. "साधं खाणं दिलेल्या आईला इतकी? काहीतरी वेगळंच सापडलंय यार. सरांना आत्ताच मेल करते."

लतिकाकाकू हातातला खाण्याचा डबा ठेवून जवळ आल्या.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या या प्रयोगशाळेत उंदरांना खाऊपिऊ घालायचं काम काकूंकडे होतं. त्या खोलीत दिवस उलटा. बाहेर लख्ख ऊन असलं, तरी आत मंद लाल दिवा. त्या उजेडात पिवळे, गलेलठ्ठ उंदीर रात्र समजून खुडबुडत असत, आणि काकूंना मात्र गुंगी चढे. या उंदरांत एक जीन सतत जागं असतं, असं देवयानीने सांगितलं होतं. म्हणून रंग पिवळा आणि अंग सुटलेलं. गाभण आईच्या खाण्यात फोलिक अ‍ॅसिड आणि आणखी काही पूरक द्रव्यं घातली, की पिल्लांतलं ते जीन निजतं. मग पुष्कळशी पिल्लं तपकिरी, सडपातळ होतात. निम्म्या पिंजऱ्यांना ते खाणं, निम्म्यांना साधं. चौदा नंबरच्या पिंजऱ्यातली ही आई साध्यातली.

ते ऐकल्यापासून काकूंना एकच घोर. लेकीच्या, इलाच्या वेळी आपण काय खाल्लं होतं? अमेरिकेतला पहिला हिवाळा, ओळखीचं चिटपाखरू नाही, पाव आणि जॅम. डोहाळे कोण पुरवणार? इला आईसारखीच जाड झाली, शाळेतून रडत घरी यायची. आता दूर बॉथेल शहरात तिला सहावा महिना लागला होता. काकूंनी लाडू पाठवायचा विषय काढला, तर फोनवर म्हणाली, "नो लाडूज, आई, प्लीज. बाळ आपल्यासारखं नकोय मला."

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी चौदा नंबरची गाभण उंदरीण, पोट टेकत, शेजारच्या पिंजऱ्यातल्या खाण्याचा वास घेत जाळीशी उभी होती. काकूंना राहवलं नाही. शेजारच्या पूरक खाण्याची एक गोळी त्यांनी तिला दिली होती. मग रोजच.

"मेल नको करूस," काकू आता म्हणाल्या. "तिला मी घातलं खायला. नऊ दिवस."

देवयानीला आधी हसूच आलं. मग तिचा चेहरा उतरला. "काकू, का पण?"

"पोटुशी होती गं."

"हा पिंजरा आता डेटातून गेला. सरांना सांगावं लागेल. तुमचा जॉब..."

"सांग. पण मला खरं सांग, इला माझ्यामुळेच तशी झाली का?"

"उंदरांवरून माणसांचं नाही सांगता येत, काकू. कुणालाच माहीत नाही अजून."

काकूंनी पिंजऱ्याचं कार्ड मागून घेतलं. काय दिलं, किती दिवस, सगळं लिहून खाली आपलं पूर्ण नाव घातलं. देवयानी ते घेऊन बाहेर गेली.

पिल्लं झाल्यापासून गोळी बंद होती, त्याला दोन आठवडे झाले होते. तरी ठरल्या वेळी चौदा नंबर पिल्लं सोडून जाळीपाशी आली आणि पुढचे पाय उचलून उभी राहिली.

"आता काही नाही गं, बाई," म्हणत काकूंनी रिकामा हात जाळीला लावला. ती बराच वेळ तो हुंगत राहिली.