जिऱ्याच्या टाकीतलं आंबट पाणी

डोणगावच्या जानरावांचा जगावर विश्वास नव्हता, सुनेवर तर त्याहून नाही. सारिका सोया पनीरच्या कारखान्यातलं आंबूस सांडपाणी ड्रम भरून आणी आणि जिऱ्याच्या टाकीत ओती. जिरं म्हणजे रोहू माशाच्या अंड्यांतून नुकती निघालेली पिल्लं, लाखभर! ती गेली तर अर्धं तळं वर्षभर रिकामं.

"शेणानं पाणी हिरवं होते, तं हे कायले?"

"एका बादलीले वीस बादल्या साधं पाणी घालतो, मामाजी. शेवाळ लवकर धरते, जिऱ्याले तेच खायाले लागते. शेजारच्या टाकीत तुमचं शेण हायेच की. पाहू कोणतं जोर धरते."

पाहू म्हणे! आणि कारखानदार फुकट काऊन देऊन राह्यला? फुकट तर कुणी शिवीही देत नाही. जानराव रोज गुपचूप टाकीत बोट बुडवून हुंगत.

एका दुपारी सारिका बाजारात गेली आणि त्यांना राहवलं नाही. करदोट्याच्या चावीनं मोटारीची पेटी उघडून बोअर लावला, नळी टाकीत सोडली. बोअरच्या पाण्यात हवा नसते, एक दिवस हौदात उघडं ठेवून मगच जिऱ्यात सोडावं, हे गावभर स्वतः जानरावच शिकवत. पण संशयाला कुठला आलाय धीर! अर्ध्या टाकीचं पाणी बदलून ते निवांत झोपले.

सकाळी टाकीवर मेलेल्या जिऱ्याची पांढरी साय. शेणाची टाकी मात्र वळवळत होती.

"हे सांगत नव्हते का तुले?" सासू जनकाबाई कडाडल्या.

सारिकाला रडू आवरेना. "चुकलं माह्यं, मामाजी. तुमचंच खरं होतं." तिनं उरलेला ड्रम नालीकडे कलता केला.

इतके दिवस जानरावांना हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं, तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"सांडू नको!" ते ओरडले. "पाणी चांगलं हाये. काल म्याच बोअर लावला."

जनकाबाईंनी कपाळावर हात मारला. सारिकानं पदरानं डोळे पुसले, ड्रम उभा केला.

"पुढच्या वर्षी पुन्हा कर," जानराव खाली मान घालून म्हणाले. "दोन्ही टाक्या तुह्या."

"हाव, करतो," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "पण बोअरची चावी आजपासून माह्यापाशी राहीन."

जानरावांनी करदोट्याची चावी सोडली आणि तिच्या हातावर ठेवली.