वेणीचं वजन

देवाने माणसाला पोट दिले आणि ते भरले की ‘पुरे’ म्हणायला जीभही दिली. पण या घरात पहिला ‘पुरे’ कोणी ऐकत नसे. पहिला लाजेचा, दुसरा रीतीचा, आणि तिसरा तोंडातून निघेपर्यंत ताटात आणखी पडलेलेच असे. नऊ वर्षांच्या लेकीने म्हणूनच ‘पुरे’ म्हणायचे सोडून दिले होते.

तिला सगळे ढब्बू म्हणत. घरचे लाडाने, बाहेरचे हसून.

दुपारची जेवणे आटोपली होती. खिडकीपाशी आई शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशांना टिपा घालत होती. आजी भाजी निवडत होती. ढब्बू चटईवर आडवी झाली आणि घोरू लागली. घोरता घोरता एकदम आवाज बंद झाला.

आईचा पाय थांबला. मशीन थांबले. तिने मनात मोजले. एक, दोन, तीन... सात. मग मोठा उसासा टाकून पोरीचा श्वास परत आला.

“आई, ऐकलंत? श्वास थांबतो हिचा,” ती सासूला म्हणाली.

“थांबतो कुठला! गाढ झोपलीय. खात्यापित्या घरची लेक घोरणारच.”

“काल जिना चढताना दोनदा बसली.”

“मग काय वाळवायचीय तिला? एक वाळलेली बघितलीय मी.”

विषय नेहमी इथेच संपे. आजीची पहिली मुलगी चौथ्या वर्षी अन्नाविना, औषधाविना गेली होती. ज्या हातांनी ते हाडांचे ओझे उचलले, ते हात आता नातीच्या ताटात वाढताना थांबत नसत. माया कधीकधी भीतीचेच कपडे घालून येते, बघा.

डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले होते, “हे असंच चाललं तर एक दिवस श्वास परत येणार नाही. हॉलमध्ये मुलांचं वजन उतरवायचा कार्यक्रम सुरू झालाय. सगळं कुटुंब जा.”

वस्तीच्या हॉलमधला तो कार्यक्रम मुख्य कार्यालयातून खोक्यात भरून आला होता. त्यात एक वजनकाटा, एक काळा फळा आणि या वस्तीत कोणी विकत घेत नाही अशा फळांची चित्रे होती. दर मंगळवारी सकाळी अकराला वजन करायचे, फळ्यावर नाव आणि आकडा लिहायचा, फोटो वर पाठवायचा. अकराला बाप बस चालवत असे, आई मशीनवर असे. मग जाणार कोण? आजी आणि ढब्बू.

वजन करणारी सिस्टर वाईट नव्हती. तिला सांगितले तसे ती करी. आकडा मोठ्याने वाचे, कारण फळ्यावर लिहिणारा रखवालदार दाराशी असे.

“सिस्टर, काटा सांभाळा हो! सरकारी माल आहे!” तो म्हणे.

हॉल हसे. ढब्बूही हसे. हसणाऱ्यांत आपणही मिसळलो की कमी लागते, एवढे तिला कळले होते. पहिल्या मंगळवारी नऊ मुले होती. चौथ्या मंगळवारी ढब्बू एकटीच उरली.

घरी बदल झाला तो एवढाच, की तिचे एकटीचे ताट निम्मे झाले. बाप तळलेल्या पुरीचा तुकडा मोडत म्हणे, “या मंगळवारी आकडा खाली आला पाहिजे हं! डेपोतसुद्धा विचारतात मला.” त्याचे स्वतःचे पोट स्टिअरिंगला टेकत असे, पण ते कोणी फळ्यावर लिहीत नव्हते. ढब्बू त्याच्या ताटाकडे बघत बसे. नंतर आजी कोपऱ्यात नेऊन तिच्या मुठीत बिस्किटे कोंबी. “खा गं सोने. सांगू नको कोणाला.”

आकडा वाढला.

मग फ्रॉकची दोन बटणे नाहीशी झाली. “शिवणारणीची पोर आणि बटणं तुटलेली! लाज काढशील माझी,” आई म्हणाली आणि तिने नवी लावली. पुढच्या आठवड्यात फ्रॉकची खालची दुमडच कापलेली निघाली.

“उंदरानं कुरतडली,” ढब्बू म्हणाली.

उंदीर सरळ रेषेत कापत नाही, हे आईला कळले. पण वीस गणवेश द्यायचे बाकी होते. ती मशीनकडे वळली. तेवढ्यासाठी ती अजूनही स्वतःला दोष देते.

सहाव्या मंगळवारी सकाळी मशीनचा खण उघडा होता. कापडाची मोठी कात्री जागेवर नव्हती. आईने पलंगामागे वाकून पाहिले. ढब्बू भिंतीला टेकून बसली होती. मानेवर केस तिरपे तुटलेले, मांडीवर रिबिनीसकट लांब वेणी आणि ओठ कोरडे पडलेले.

“आई, ही जड होती गं,” ती म्हणाली. “आणि कालपासून मी पाणीपण नाही प्यायले. आज नक्की कमी भरेन.”

कात्री अजून तिच्या हातात होती. उघडीच.

आईने कात्री काढून घेतली, घोट घोट पाणी पाजले. आजी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. बाप गणवेश चढवून निघतच होता.

“आज तुम्हीही चला,” आई म्हणाली.

“अगं, ड्यूटी आहे माझी...”

“चला म्हटलं ना.”

हॉलमध्ये रखवालदाराने खडू उचलला. आईने काट्यावर पोरीला उभे केले नाही. वेणी ठेवली.

काटा हललाच नाही.

“पोरीनं केस कापले, सिस्टर,” आई म्हणाली. “बघा तुमच्या काट्याला कळतंय का.”

सिस्टरने वेणीवरून बोट फिरवले. “माझ्या हातात नाही हो. फोटो गेला नाही तर कार्यक्रमच बंद करतील.”

“मी शिवते. समोरच्याचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तुम्ही आमचं माप कधी घेतलंत? घरी कोण शिजवतं, कोण किती वाजता सुटतं, विचारलंत? आणि आम्ही तरी काय केलं? सगळ्यांचं खाणं, आणि शिक्षा हिला एकटीला.” वेणी बाजूला ठेवून ती स्वतः काट्यावर चढली. “लिहा माझं. आता यांचं.”

“अगं, लोक बघतायत,” बाप पुटपुटला.

“तिला बघत नव्हते?”

बाप चढला. काटा टोकाला जाऊन थडकला. रखवालदाराने खडू खाली ठेवला. शेवटी आजी पुढे आली. तिने ओच्यातून बिस्किटांचा पुडा काढून वेणीशेजारी ठेवला. “हेही मोजा. हे माझं पाप.”

सिस्टरने बाहीने फळा पुसला. त्याच दिवशी तिने वर पत्र लिहिले: ‘फोटो येणार नाही. वजन बंद दारामागे होईल. वेळ संध्याकाळी सहाची, आणि मूल एकटे आले तर मी नाव लिहिणार नाही, सगळे घर आले तर लिहीन. कार्यक्रम बंद केलात तर मी पायरीवर बसून चालवीन.’ उत्तर अजून आलेले नाही. पहिल्या संध्याकाळी तीन घरे आली.

त्या घरी आता चौघांचे ताट सारखेच असते. पण वर्षानुवर्षांचे चुकलेले महिन्यात सुधारत नाही. दुपारी अजूनही घोरणे थांबते, मशीन थांबते, आणि आता आजीही भाजी खाली ठेवून मोजते. पाच, सहा, सात...

आज तुमच्याही घरी ताटे मांडली जातील. लेकरू ‘पुरे’ म्हणेल. तो पहिलाच ‘पुरे’ ऐका.